प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींची निवासी संस्था पारखायची कशी?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं एक खासगी रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेले प्रौढ तिथे महिनोन्‌महिने राहत. २४ खाटा, नवी इमारत, आणि एका माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड खर्च, तोही सरकारी पैशातून. नोंदणी रीतसर होती, तपासणी होत होती. ३१ मे २०११ रोजी बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण दाखवलं. कर्मचारी तिथल्या माणसांना फरशीवर दाबून धरत होते, थपडा मारत होते, एका तरुणीला कपड्यांसकट शॉवरखाली भिजवत होते. पुढे ११ जणांना शिक्षा झाली, त्यातले ६ तुरुंगात गेले. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की तिथल्या एका ज्येष्ठ परिचारकाने आधीच व्यवस्थापनाला आणि सरकारी नियामकालाही कळवलेलं होतं.

आठ वर्षांनी, २०१९ मध्ये, व्हॉर्लटन हॉल या दुसऱ्या ठिकाणाहून तशीच दृश्यं बाहेर आली. त्या जागेला नियामकाने ‘चांगली’ असा शेरा दिलेला होता.

अशी बातमी आली की घरोघरी एकच प्रश्न पडतो. पैसा होता, इमारत होती, परवाना होता, तपासनीस येऊन गेले होते. मग चुकलं कुठे? आणि ज्यांना आपल्या माणसासाठी अशी जागा शोधायची आहे, त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

आपण नेमकं कोणाबद्दल बोलतोय

बौद्धिक अक्षमता म्हणजे लहानपणापासून असलेली अशी स्थिती, जिच्यात नवं शिकणं, हिशेब, भाषा, वेळेचं भान, रोजचे व्यवहार सांभाळणं या गोष्टी बऱ्याच अवघड जातात. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली असतो, पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. माणसाला रोज किती आणि कसली मदत लागते हेही पाहिलं जातं. वाचन-लेखनापुरती अडचण असलेला डिस्लेक्सिया हा प्रकार वेगळा. मानसिक आजारही वेगळा, जरी दोन्ही एका माणसात असू शकतात.

काही जण थोड्या मदतीवर स्वतंत्र राहतात, नोकरी करतात. काहींना आंघोळीपासून जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीत कोणीतरी लागतं, आणि बोलता येत नाही. निवासी संस्थेचा प्रश्न बहुधा या दुसऱ्या टोकाकडच्या माणसांचा असतो.

हा प्रश्न आत्ताच इतका मोठा का झाला? एक कारण आनंदाचं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ साली जेमतेम २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. पूर्वी ‘मूल’ बहुतेकदा आईवडिलांच्या आधी जायचं. आता पन्नाशीचा मुलगा आणि ऐंशीची आई अशी घरं दिसतात, आणि ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न खरोखरच समोर उभा राहतो.

तपासणीत जे दिसतं ते

तपासनीस काय पाहतो? अग्निशमनाची व्यवस्था, औषधांच्या नोंदी, किती माणसांमागे किती कर्मचारी, स्वयंपाकघराची स्वच्छता, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं. हे सगळं लागतंच. यातलं काही नसेल तर पुढे पाहायचीही गरज नाही. पण हे सगळं असूनही आतलं जगणं भकास असू शकतं, कारण रजिस्टर दिवसभरात एकदा भरतात आणि माणूस दिवसभर जगत असतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात बौद्धिक अक्षम मुलांच्या निवासी संस्थांमध्ये बसून नेमकं हेच जगणं मोजायचा प्रयत्न केला. अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी संस्थेपणाच्या चार खुणा धरल्या होत्या. अभ्यास मुलांचा असला तरी त्या खुणा प्रौढांच्या संस्थेतही पुरेपूर लागू पडतात, आणि पाहायला कुठलीही पदवी लागत नाही.

पहिली खूण ताठर वेळापत्रक. रविवार असो की सोमवार, उठण्याची वेळ तीच. चाळिशीतल्या माणसांना संध्याकाळी सात वाजता अंथरुणात घालतात, कारण आठला पाळी बदलते. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्येच याच्यावर बोट ठेवलं होतं: इतरांच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला जशी लय असते तशी या लोकांनाही मिळायला हवी, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून कोणी लवकर झोपायला जाऊ नये.

दुसरी, घाऊक वागणूक. सगळे एकदम आंघोळीच्या रांगेत, सगळे एकदम टीव्हीसमोर, सगळ्यांची फिरायला जायची वेळ एकच. झालेला माणूस न झालेल्यांसाठी थांबून राहतो. अशा ठिकाणी दिवसातला केवढा तरी वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. कुणी मोजत नाही म्हणून तो दिसत नाही.

तिसरी, माणसाचं वेगळेपण पुसलं जाणं. कपाट उघडून पाहा. कपडे त्याचेच आहेत, की धुऊन आलेल्या ढिगातून जो मापाचा निघेल तो? टूथब्रश, कंगवा, चष्मा वेगवेगळे ठेवलेत का? भिंतीवर त्याने निवडलेलं काही आहे, की सगळ्या खोल्यांत एकाच ठेकेदाराने लावलेली चित्रं? आणि अंतर्वस्त्रं. विचारायला संकोच वाटतो, पण सामायिक अंतर्वस्त्रांइतकी संस्थेबद्दल खरं सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

चौथी खूण अंतर. कर्मचाऱ्यांची खुर्ची वेगळी, कप वेगळे, स्वच्छतागृह वेगळं, बसायची खोली वेगळी. कर्मचारी एकमेकांशी बोलतात ते राहणाऱ्यांच्या डोक्यावरून: ‘याला आज झाली का?’ तो समोरच बसलेला असतो.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. संस्था मोठी की छोटी एवढ्यावरून फरक कळत नव्हता. आतलं काम कसं वाटून दिलंय, रोजचे निर्णय त्या घरात घेतले जातात की लांबच्या कार्यालयात, याने जास्त फरक पडत होता. घर चालवणाऱ्या बाईला साधा बल्ब बदलायला वरून मंजुरी लागत असेल, तर तीही राहणाऱ्यांच्या बाबतीत काही आपल्या मनाने ठरवत नाही.

चांगल्या सेवेतला धोका

आता एक उलटं वाटेल असं. काही संस्थांत मारझोड नसते, दुर्लक्ष नसतं, कर्मचारी मायाळू असतात, तरी काळजीचा दर्जा खालचाच असतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘हॉटेलची पद्धत’ म्हणतात. जेवण तयार येतं, कपडे धुऊन येतात, खोली आवरलेली मिळते, आणि राहणाऱ्याने फक्त बसायचं. चार दिवसांच्या पाहुण्याला हे सुख आहे. चाळीस वर्षं तिथेच काढायची असतील, तर आपल्या हाताने करायचं काहीच उरत नाही, आणि येत असलेलंही हळूहळू सुटतं.

यावरची पद्धत ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जिम मॅन्सेल, डेव्हिड फेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आकाराला आली. तिला मी ‘हाताला हात लावणारी मदत’ म्हणेन. तत्त्व असं: कुठलंही काम पूर्ण येत नसेल, तरी त्याचा काही भाग प्रत्येकाला येतो. उरलेल्या भागापुरतीच मदत करायची.

वॉशिंग मशीन लावायचं काम घ्या. बोलता न येणारा, एका हाताने अधू असा एक प्रौढ माणूस आहे. कर्मचारी एकटा हे काम तीन मिनिटांत उरकेल. त्याऐवजी तो कपड्यांची टोपली त्या माणसाच्या चांगल्या हाताशी ठेवतो. मशीनचं दार उघडून देतो. एक शर्ट स्वतः आत टाकतो आणि थांबतो. समोरचा काही करत नाही. कर्मचारी टोपलीकडे बोट दाखवतो. पुन्हा थांबतो. तरी काही नाही, म्हणून त्याचा हात हलकेच धरून टॉवेलपर्यंत नेतो. तिसरा कपडा तो माणूस स्वतः उचलतो. पावडर कर्मचारी मोजतो. बटण कोणतं ते दाखवतो, दाबतो तो माणूस. वीस मिनिटं लागली, दोन मोजे खाली पडले. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल, पण काळजीचा दर्जा तो याच वीस मिनिटांत दिसतो. मदत शब्दाने, खुणेने, करून दाखवून, हात धरून अशी पायरीपायरीने वाढवायची आणि जमेल तिथे लगेच मागे घ्यायची, हे कौशल्य शिकवावं लागतं. नुसत्या मायेने येत नाही.

इथे लगेच कोणी म्हणेल, यासाठी दुप्पट माणसं लागतील. या विषयावरच्या संशोधनाने वारंवार दाखवलंय की नुसती माणसं वाढवली म्हणून राहणाऱ्यांचा सहभाग आपोआप वाढत नाही. कधीकधी कर्मचारी जास्त झाले की ते एकमेकांशीच जास्त बोलतात. फरक पडतो तो घरप्रमुख रोज सोबत काम करून दाखवतो की कार्यालयात बसून फॉर्म भरतो, याने. अर्थात किमान संख्येखाली गेलं की कुठलीच पद्धत चालत नाही. रात्रपाळीला वीस जणांमागे एक माणूस असेल, तर तो फक्त पहारा देऊ शकतो.

‘आम्ही विचारलं, तो म्हणाला मजेत आहे’

हे उत्तर खरं असू शकतं. पण त्यावर विसंबू नका.

अमेरिकेत कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावरचे आपले निष्कर्ष मांडले. बौद्धिक अक्षम व्यक्तींना त्यांनी एकमेकांविरुद्ध असे प्रश्न विचारले, आणि बऱ्याच जणांनी दोन्हींना ‘हो’ म्हटलं. ‘तुला इथे आवडतं का?’ हो. ‘तुला इथे आवडत नाही का?’ हो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मर्जीवर जगलेल्या माणसाला ‘हो’ म्हणणं सुरक्षित वाटतं. त्यातून प्रश्न विचारणारा साहेबी थाटाचा असेल आणि शेजारी कर्मचारी उभा असेल, तर विचारायलाच नको.

मग विचारायचं कसं? हो-नाहीचे प्रश्न टाळून दोन चित्रं समोर ठेवायची आणि निवडायला सांगायचं. काही वेळाने तीच चित्रं डावी-उजवी बदलून पुन्हा विचारायचं. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ‘टॉकिंग मॅट्स’ ही पद्धत अशीच आहे: विषयाचं चित्र घ्यायचं आणि ते आवडतं, नावडतं की सांगता येत नाही, त्या जागी चटईवर ठेवायचं. ज्यांना चित्रंही कळत नाहीत, त्यांचं अंग वाचावं लागतं. एखादा कर्मचारी खोलीत आला की तो आखडतो का? कोणाच्या हातून जेवतो, कोणाच्या हातून जेवत नाही? घरी येऊन परत जाताना दारात अडतो का? एकदा अडणं म्हणजे घर सोडवत नसेल. दर वेळी, आणि एका ठरावीक पाळीलाच अडत असेल, तर ते उत्तर आहे.

चिडतो, मारतो, म्हणून गोळी

संस्थांमध्ये सगळ्यात सहज घडणारी आणि सगळ्यात कमी दिसणारी गोष्ट म्हणजे शांत ठेवण्यासाठी दिलेली औषधं. पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१५ मध्ये अंदाज काढला की इंग्लंडमध्ये ज्या आजारांसाठी ही औषधं असतात ते आजार नसतानाही ३०,००० ते ३५,००० बौद्धिक अक्षम प्रौढांना मनोविकारावरची औषधं दिली जात होती. त्यानंतर २०१६ मध्ये तिथे ही अतिरिक्त औषधं कमी करण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली.

औषधाने निदान फायदा तरी होतो का? पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ८६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आक्रमक वागणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रौढांचे तीन गट: एकाला हॅलोपेरिडॉल, एकाला रिस्पेरिडोन, एकाला औषध नसलेली नुसती गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली. सगळ्यात जास्त कमी झाली ती नुसत्या गोळीच्या गटात.

बोलता न येणारा माणूस डोकं भिंतीवर आपटतो तेव्हा तो बहुतेकदा काहीतरी सांगत असतो. दाढ दुखते, कान ठणकतो, चार दिवस पोट साफ नाही, शेजारचा माणूस रात्री ओरडतो, आवडती मदतनीस काम सोडून गेली. डॉक्टरांचीही इथे एक ठरलेली चूक होते: प्रत्येक नवं लक्षण ‘हा असाच आहे’ म्हणून मूळ अक्षमतेच्या खात्यावर टाकलं जातं. ही चूक जिवावर बेतते. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी चौकशीत दिसलं, की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं लवकर मरण पावत होत्या. बद्धकोष्ठता, गिळताना श्वासनलिकेत गेलेलं अन्न, न ओळखलेली फिट अशी साधी वाटणारी कारणं यात असतात. म्हणून शौचाची नोंदवही ही संस्थेतली सगळ्यात गंभीर वही आहे असं मी म्हणेन. ती मागा. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या, तर बाकीच्या वह्यांचंही तसंच समजा.

औषधांबद्दल तीन गोष्टी विचारा: कुठल्या निदानासाठी सुरू झालं, कोणी सुरू केलं, शेवटचा फेरविचार कधी झाला. मात्र हे वाचून कुठलीही गोळी आपण होऊन बंद करू नका. फिटची औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं, मनोविकारावरचीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागतात, आणि काहींना त्यांची खरोखर गरज असते.

मोकळीक दिली आणि काही झालं तर?

हा पालकांचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. चुलीपाशी जाऊ दिलं आणि भाजलं तर? बाहेर सोडलं आणि हरवला तर?

अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये धोका पत्करण्याच्या प्रतिष्ठेचा मुद्दा मांडला: थोडाही धोका नसलेलं आयुष्य हे माणसाचं आयुष्य राहत नाही. हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण रात्री झोप न येणाऱ्या आईला त्याचा उपयोग नाही. तिला उपयोग आहे तो धोका कागदावर मांडण्याचा. नेमकं काय होऊ शकतं, किती शक्यता आहे, झालं तर किती गंभीर, आणि काय केलं म्हणजे ते करूनही सुरक्षित राहता येईल? फिट येणाऱ्याला पोहायला पूर्ण बंदी घालायची, की सोबत एक प्रशिक्षित माणूस पाण्यात उतरवायचा? ‘नाही’ म्हणणं संस्थेला फुकट पडतं. त्याची किंमत राहणारा भरतो, म्हणून ‘नाही’ची कारणंही लेखी मागावीत.

मग मोठ्या संस्था बंद करून छोटी घरं?

न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही संस्था ४,००० लोकांसाठी बांधली होती, १९६० च्या दशकात तिथे ६,००० हून जास्त लोक होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर तिथली अवस्था दिसली, खटला चालला, आणि १९८७ मध्ये ती बंद झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं १९ वं कलम सांगतं, की कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडायचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. लोक मोठ्या संस्थांतून छोट्या घरांत गेले तेव्हा सरासरीने त्यांचं भलंच झालं, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे.

‘सरासरीने’ हा शब्द सोडू नका. चार खोल्यांच्या घरातही दार कुलपात, टीव्ही दिवसभर चालू आणि वेळापत्रक भिंतीवर ठोकलेलं असू शकतं. शिवाय छोट्या घरात पाहणारे डोळे कमी. रात्री एकच कर्मचारी असतो आणि त्याच्यावर नजर ठेवायला कोणीच नसतं. म्हणून घर छोटं आहे हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: इथे बाहेरचं कोण येतं? नातेवाईक, शिक्षक, शेजारी, स्वयंसेवक, डॉक्टर. बाहेरचा माणूस वेळ न ठरवता आत येऊ शकतो अशा जागी वाईट वागणूक फार काळ झाकून राहत नाही.

कर्मचारी किती काळ टिकतात हेही विचारा. बोलता न येणाऱ्या माणसाची खूण ओळखायला महिने लागतात. दर सहा महिन्यांनी माणसं बदलत असतील तर त्याची भाषा कळणारं तिथे कोणी उरतच नाही.

तक्रार केली तर त्याच्यावरच निघेल

ही भीती बहुतेक पालक उघड बोलत नाहीत. जागा मुश्किलीने मिळालेली असते, दुसरी नसते, म्हणून डागाळलेला शर्ट, दंडावरचा वळ, घटलेलं वजन याकडे पाहूनही गप्प बसलं जातं. इथे एकट्याने भांडण्यापेक्षा पालकांनी मिळून बोलणं जास्त चालतं. पंधरा कुटुंबांचा राग एका मुलावर काढता येत नाही. प्रत्येक वळाचा तारखेसह फोटो आणि दर महिन्याचं वजन आपल्याकडेही लिहिलेलं असावं.

आणि निर्णय आजारपण येईपर्यंत लांबवू नका. आईला अर्धांगवायू झाल्यावर दोन दिवसांत जी जागा मिळते, ती निवडलेली नसते. आईवडील धडधाकट असताना आधी दोन रात्री, मग आठवडा, मग महिना असं राहून पाहता येतं, आणि नाही जमलं तर परत आणता येतं. या काळात काही संस्था सांगतात, ‘पहिला महिना भेटायला येऊ नका, रुळायला त्रास होतो.’ त्यांना कारण विचारा, आणि त्या महिन्यात कधीही, न कळवता, त्याच्या खोलीपर्यंत जाता येईल का हेही विचारा. उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरी जागा बघा.